काच कुणाच्या हातात गेली

नात अकरावीला आहे. कोडोलीहून रोज वारणानगरला कॉलेजला जाते. गेल्या आठवड्यात ती वादविवाद स्पर्धेची चिठ्ठी घेऊन घरी आली, सॅक सोप्यातच टाकली आणि म्हणाली, "आज्जी, मी ह्या वेळी हरतो बघ." आमच्या भागात पोरी स्वतःबद्दल अशाच बोलतात. चिठ्ठीवर विषय होता: इंग्लंडमधल्या बायकांनी मतासाठी जे उग्र आंदोलन केलं, त्यानं चळवळीला बळ मिळालं की खीळ बसली? तिच्या वाट्याला 'खीळ बसली' ही बाजू आली होती. तिला दुसरी हवी होती. दगड उचललेल्या बायकांच्या विरुद्ध बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. तिला म्हटलं, बस, तुझी बाजू वाटते तेवढी लेचीपेची नाही. मग आम्ही दोघी रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो.

तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा दोन मतदानांत आहे. काही बायकांना तरी मत मिळावं म्हणून ब्रिटिश पार्लमेंटात तडजोडीचं विधेयक आलं होतं. मे 1911 मध्ये त्याच्या बाजूनं 255 मतं पडली, विरुद्ध 88. दार जवळजवळ उघडलंच होतं. पण सरकारनं चालढकल केली, विधेयक बाजूला सारण्याची चिन्हं दिसली आणि 1 मार्च 1912 ला पँकहर्स्ट बाईंच्या उग्र संघटनेच्या बायकांनी लंडनच्या मध्यवस्तीत दुकानांच्या काचा फोडल्या. पर्समधून हातोड्या काढून, ठरवून, एकाच वेळी. त्याच महिन्याच्या 28 तारखेला तसंच विधेयक पुन्हा मतदानाला आलं. बाजूनं 208, विरुद्ध 222. चौदा मतांनी गेलं. वर्षापूर्वी हात वर करणारे कितीतरी सभासद काचांकडे बोट दाखवून मागे सरले.

नातीनं आकडे वहीत उतरवले, खाली दोन रेघा मारल्या. मग तिनंच विचारलं, "पण सगळी तेवढ्यासाठीच फिरली का?" पोरगी हुशार आहे. आयर्लंडच्या सभासदांना त्यांच्या स्वराज्याचं विधेयक पुढे न्यायचं होतं. बायकांच्या मतावरून सरकार अडचणीत आलं तर आपलं काम अडेल, ही त्यांना धास्ती होती. काहींना हे विधेयक नकोच होतं, त्यांना काचांचं आयतं निमित्त मिळालं. आणि मुळात बायका हातोडीपर्यंत का आल्या, तेही पाहायला हवं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी बायकांच्या सह्यांचा अर्ज पार्लमेंटात दिला तो 1866 मध्ये. तिथून चाळीस वर्षं अर्ज, सभा, सह्या, पुन्हा अर्ज. मिलिसेंट फॉसेट बाईंसारख्या निष्ठेच्या बायका हे काम सनदशीर मार्गानं करत राहिल्या आणि वर्तमानपत्रांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही. 1905 मध्ये मँचेस्टरच्या सभेत पँकहर्स्ट बाईंची लेक ख्रिस्ताबेल आणि अ‍ॅनी केनी यांनी उभं राहून एकच प्रश्न विचारला, बायकांना मत देणार का? त्यांना ओढून बाहेर काढलं. दंड भरून सुटता आलं असतं, त्यांनी तुरुंग पत्करला. तेव्हा कुठं देशभर छापून आलं.

पुढच्याच वर्षी गांधीजी लंडनमध्ये होते. या बायकांचं तुरुंगात जाणं त्यांनी पाहिलं आणि आपल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांचं कौतुक केलं. पुढे दगडफेक सुरू झाल्यावर त्यांनीच त्यावर टीकाही केली. एकाच माणसानं एकाच चळवळीबद्दल तीन वर्षांच्या आत दोन्ही म्हणावं, यात मला विसंगती दिसत नाही. चळवळच मध्ये बदलली होती.

आपल्याकडे बायकांना मत आयतं मिळालं, असं बोलायची पद्धत आहे. पारावर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे वाक्य ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे. 1918-19 मध्ये मतदानाचे नियम ठरवायला साउथबरो समिती आली, बायकांचे अर्ज तिच्यापुढे गेले, आणि हिंदुस्थानातल्या बायकांना मत द्यायची वेळ आलेली नाही, असं समितीनं लिहून टाकलं. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन बोटीत बसून लंडनला गेल्या. पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, गावोगाव सभा घेतल्या. इकडे पुण्यात सेवासदनाच्या रमाबाई रानडे बायका जमवत होत्या. लंडननं शेवटी निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर टाकला. एप्रिल 1921 मध्ये मद्रासनं आणि जुलैमध्ये मुंबईनं बायकांना मत दिलं. एकही काच फुटली नाही. मत मिळालं ते मालमत्तावाल्या मूठभर बायकांना, आणि तेही ब्रिटिश मुलखात. कोल्हापूर संस्थान होतं, त्यामुळे कोडोलीच्या बाईला त्याचा काही उपयोग नव्हता. तिला दिल्लीचं सरकार निवडायचं मत मिळालं ते थेट 1951-52 च्या निवडणुकीत. त्या निवडणुकीच्या याद्यांतून देशभरात सुमारे 28 लाख बायका गळल्या, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं होतं.

तर इथं शांततेनं मिळालं. पण लंडनमध्ये हेराबाई ज्या साहेबांपुढे बसल्या, त्या साहेबांनी पाच-सात वर्षांपूर्वी स्वतःच्या शहरात उपोषण करणाऱ्या बायकांना नळीनं अन्न कोंबताना पाहिलं होतं. सभ्यपणे खुर्चीत बसलेली बाई त्यांना ऐकून घ्यावीशी वाटली, त्यात त्या आठवणीचा वाटा नसेल, असं मला मानवत नाही. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. हे माझं मत आहे.

नातीला इथवर पटलं. मग मी तिला कोल्हापुरातली गोष्ट सांगितली आणि तिथं आमचं गाडं अडलं.

आज ज्याला शिवाजी चौक म्हणतात, तिथं पूर्वी मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. 1942 च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि त्यांच्या सोबतीच्या बाईनं तो भर चौकात विद्रूप केला. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी तो पुरताच फोडला. 1945 मध्ये त्या जागी शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. आता हे शेजारी ठेवा: मार्च 1914 मध्ये मेरी रिचर्डसन नावाच्या बाईनं लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हेलास्केथचं व्हीनसचं चित्र खाटकाच्या सुऱ्यानं फाडलं. ते बायकांच्या हक्कासाठी होतं. एक पुतळा, एक चित्र. भागीरथीबाईंनी स्वातंत्र्याला मदत केली की हानी, असा वादविवादाचा विषय मी आजवर कुठल्याही शाळेत पाहिलेला नाही. त्यांना आम्ही स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, आणि ते योग्यच आहे. बाई देशासाठी हातोडा उचलते तेव्हा ती रणरागिणी होते. स्वतःसाठी उचलते तेव्हा तिला आक्रस्ताळी म्हणतात आणि तुमच्याच कामाला बाधा येईल हो, असं समजावतात. समजावणारे बहुधा असे असतात ज्यांना ते काम झालं काय नि न झालं काय, सारखंच.

फार जुन्या काळातच जायला नको. एप्रिल 2016. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की जिथं पुरुषांना जाता येतं त्या मंदिरात बाईला अडवता येत नाही. तसा कायदा 1956 पासून राज्यात आहे. त्याच दिवसांत तृप्ती देसाई मोर्चे घेऊन निघाल्या होत्या. 13 एप्रिलला त्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरल्या, तिथं त्यांना धक्काबुक्की झाली, दवाखान्यात न्यावं लागलं. आमच्या गल्लीत त्या रात्री बायकाच म्हणत होत्या, कोर्टानं दिलं होतं की, मग एवढा तमाशा कशाला? मीही तेव्हा गप्प बसले. कायदा साठ वर्षं कागदावर होता, हे मला माहीत होतं, तरी गप्प बसले. देवीच्या दारात मार खाणारी बाई तमाशा करते आणि मारणारे श्रद्धाळू ठरतात, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

म्हणजे मी आता उग्रपणाच्या बाजूची झाले का, असं नातीनं विचारलं. मला होय म्हणता येईना.

काही वर्षांपूर्वी आमच्या वारणाकाठच्याच एका गावात देशी दारूच्या दुकानावर आम्ही चालून गेलो होतो. तीसेक बायका, हातात झाडू, कुणाकडे लाटणं, कुणाकडे उसाचं कांडकं. निवेदनं देऊन झाली होती, प्रत्येकाची पोच आमच्या फाइलला होती. त्या आठवड्यात एका घरात दारूपायी हाणामारी होऊन बाईचा हात मोडला होता. दुकानाचा मालक गावात राहायचाही नाही. गल्ल्यावर एक पोरगा बसलेला, वीस-बावीसचा, पगारी. आमच्यातल्या दोघींनी खोकी बाहेर ओढली, बाटल्या रस्त्यावर आपटल्या. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग कुणीतरी त्या पोराच्या कानाखाली दिली, दुसरीनं झाडू घातला, आणि तो वाचायला म्हणून खाली वाकला तो हात टेकून काचेवरच. तळवा उभा चिरला. तो ओरडला नाही. मनगट दुसऱ्या हातानं दाबून धरून भिंतीला टेकून उभा राहिला आणि आम्ही घोषणा देत राहिलो. रक्त कोपरापर्यंत आलेलं मला दिसत होतं. दारूचा वास एवढा होता की डोळे चुरचुरत होते. पोलीस आले, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी पेपरात 'रणरागिणी' म्हणून आम्ही छापून आलो.

पँकहर्स्ट बाईंच्या अनुयायांनी पत्रपेट्यांत फॉस्फरस टाकला होता. टपाल काढताना भाजले ते पोस्टमनचे हात. पंतप्रधानाचा हात पत्रपेटीत कधीच जात नाही. उपोषणाला बसलेल्या बाईनं सरकारला हलवलं ते स्वतःचं शरीर झिजवून, आणि तृप्ती देसाईंनी मार खाल्ला तो स्वतः. भागीरथीबाईंनी डोकं पुढे केलं ते स्वतःचं. दगडाच्या विल्सनला काही दुखणार नव्हतं. हे सगळं उग्रच आहे, आणि मी त्याच्या बाजूची आहे. पोस्टमनचा हात मात्र मला कशातच बसवता येत नाही. वादविवादाच्या विषयात 'बळ' आणि 'खीळ' असे दोनच खण आहेत, त्यामुळे झळ नेमकी कुणाला लागली, हे लिहायला वहीत जागाच उरत नाही.

दुकान आठवडाभरात पुन्हा उघडलं. मग आम्ही दुसरा रस्ता धरला. महाराष्ट्रात 2008 पासून नियम आहे: गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या की त्या पडताळून गुप्त मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि निम्मं धरायचं ते यादीतल्या एकूण बायकांचं, आलेल्या बायकांचं नव्हे. म्हणजे घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते. नांदायला गेलेल्या लेकींची नावं यादीत तशीच, वारलेल्या आज्ज्यांची तशीच, ती सगळी दुकानाच्या पारड्यात. हा नियम ज्यानं केला त्यानं बाईवर विश्वास टाकला आणि तिच्या पायात धोंडाही बांधला. त्यामुळे एकेक दार महत्त्वाचं. आम्ही उन्हातान्हात दारोदार फिरलो. लेकींना माहेरी बोलावलं, भाड्याचे पैसे वर्गणीतून दिले.

फिरता फिरता त्या पोराचं घर आलं. सोबतच्या बायका पुढच्या दाराला गेल्या, मी थांबले. त्याची आई शेंगा फोडत बसली होती. मला ओळखलं, बसायला पोतं सरकवलं. मी आडव्या बाटलीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. नवरा दारूनंच गेल्याचं तिनंच सांगितलं. मग हात न थांबवता म्हणाली, "बाटल्या फोडलासा ते बरं केलासा, बाई. पोराला का वो मारलासा?"

मी म्हटलं, चुकलं. ती काही बोलली नाही. टरफलं सुपात पडत राहिली.

नात लिहायची थांबली होती. तिनं विचारलं, "मग त्या आल्या का मत द्यायला?"

कुणी कुठल्या बाटलीवर शिक्का मारला, ते कुणाला कळत नाही. कोण आलं आणि कोण नाही, ते दिसतं. मतदानाच्या दिवशी सकाळपासून मी शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभी होते. ऐंशीच्या घरातल्या दोघी-तिघी नातवांच्या गाडीवर बसून आल्या. एक बाळंतीण रिक्षातून आली. संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत मी त्या बाईची वाट पाहिली. ती आली नाही.