चालत्याबरोबर चालणे

चालता माणूस जसा आहे तसा पाहावयाचा असेल, तर पाहणाराने एके जागी निश्चल राहावे, की त्याच्याबरोबर वळावे? हा प्रश्न मला न्यायालयात नव्हे, तर बडोद्यातील समा भागात सडकेच्या कडेला पडला. ज्या नगरीच्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले, तेथेच चाळिशी उलटल्यावर मी हाती कॅमेरा घेऊन सकाळच्या उन्हात सायकलस्वारांची छायाचित्रे घेण्याचा अभ्यास करीत होतो.

या रीतीला 'पॅनिंग' म्हणतात. स्वार आपल्या समोरून आडवा जाईल अशी जागा धरावी, पाय रोवावे, कोपरे अंगाशी घ्यावी, आणि तो दुरून दिसताच नजरेत धरून कमरेतून त्याच्याच गतीने वळत राहावे. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहील असे ठेवावे. तो समोर येताच कळ हळुवार दाबावी. आणि मुख्य म्हणजे, कळ दाबल्यावरही वळणे थांबवू नये. साधले तर स्वार स्पष्ट उमटतो, आणि मागची झाडे, भिंती, दुकाने यांच्या नुसत्या आडव्या रेघा होतात. पहिले काही दिवस मला ते साधले नाही. 'मिळाले' असे मन म्हणे, त्याच क्षणी हात थबके, आणि त्या थबकण्यात चित्र पुसट होई. फळाकडे लक्ष गेले की कर्म बिघडते, हे कीर्तनाप्रवचनांत पुष्कळदा ऐकले होते. हाताला ते तेथे कळले.

दुसरा मार्ग सोपा आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घ्यावे. स्वारही स्पष्ट, झाडही स्पष्ट. या मार्गाला स्वतःचे सत्य आहे, हे नाकारता येणार नाही. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिजने अशाच अल्पक्षणांच्या चित्रांनी दाखवून दिले की धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात. उघड्या डोळ्यांना ते कधी दिसले नव्हते. परंतु त्या स्पष्ट चित्रात माझा सायकलस्वार चालला आहे की तोल सांभाळून उभा आहे, हे कळेना. खोटे त्यात काहीच नव्हते. फक्त त्याचे चालणे नव्हते.

येथे मला एक जुना साक्षीदार आठवला. वृद्ध गृहस्थ, उलटतपासणीत मी त्यांना विचारले, "सही तुमचीच ना? हो की नाही, एवढेच सांगा." ते म्हणाले, "साहेब, थोडे आधीपासून सांगतो." मी सांगू दिले नाही. 'हो' हे उत्तर खरे होते. दावा आम्ही जिंकलो. बाहेर ओसरीत त्यांनी मला नमस्कार केला आणि ते निघून गेले. कायद्याने मी चुकलो नव्हतो. पण त्यांच्या आयुष्याचा हजारावा भाग कापून घेऊन तोच संपूर्ण माणूस म्हणून मी उभा केला होता.

मग सत्य सहानुभूतीतच आहे काय? तसेही म्हणवत नाही. ज्याच्याबरोबर आपण वळतो तो स्पष्ट होतो खरा, पण त्याची किंमत मागच्यांनी दिलेली असते. त्यांत दुसरा पक्षही असतो. फ्रान्सच्या झाक-आंरी लार्तीगने सुमारे १९१२ साली शर्यतीतल्या मोटारीचे घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा चित्र पट्टीपट्टीने उमटवीत होता, आणि तो स्वतः मोटारीमागे वळत होता. म्हणून चाक पुढे झुकलेले, तर कडेचे प्रेक्षक उलट दिशेला कललेले उमटले. प्रेक्षक सरळच उभे होते. कलते दिसले ते पाहणाराच्या गतीमुळे. वकिलाने हे चित्र आपल्या टेबलासमोर लावून ठेवावे. न्याय करणाराला मात्र प्रत्येकाबरोबर एकेकदा वळावे लागते, आणि मगच स्थिर व्हावे लागते. न वळता स्थिर राहणे म्हणजे निःपक्षपात नव्हे. ते पुष्कळदा नुसते अज्ञान असते.

आणखी एक गोष्ट त्या सडकेने शिकविली. उत्तम साधलेल्या चित्रातही स्वाराचा चेहरा स्पष्ट असतो, पण त्याचे पाय आणि चाकाचे आरे पुसटच राहतात. त्यांची गती त्यांची स्वतःची असते. कितीही सोबत केली तरी माणसाचे काहीतरी आपल्या हाती लागत नाही. तेवढे त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे.

मंगेशीला दर सोमवारी पालखी निघते. आपल्या बहुतेक देवस्थानांत कोणत्या ना कोणत्या दिवशी निघतेच. एके जागी उभे राहिलेल्यापुढून ती क्षणात सरते. जो चार पावले बरोबर चालतो, त्याला गर्दी विरून देवाचे मुख स्थिर दिसते. दर्शनासाठी आपण हे आनंदाने करतो. शेजाऱ्याविषयी मत बनविण्यापूर्वी तेवढीच चार पावले आपण चालतो काय? त्या वृद्ध गृहस्थांबरोबर मी चाललो नाही. आता ते नाहीत. म्हणून हे लिहून ठेवतो.