घुबडाच्या वाट्याचा उंदीर

मानवतच्या बाजारात कापूस यायला लागतो, शिवारात ज्वारी-हरभरा उभा राहतो आणि उंदरांचे दिवस येतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस वाढला, तसा त्यांना बारमाही आसरा मिळाला. तारेवरची कापशी घार, पडक्या वाड्यातले गव्हाणी घुबड, बाभळीच्या ढोलीतला पिंगळा ही मंडळी उंदरांवर पोसतात. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-चार उंदीर सहज संपवते.

पीक कुरतडले जाते तेव्हा शेतकरी विषाकडे वळणारच. मी त्याला दोष देणार नाही. पण कोणते विष आणि ते कुठे टाकायचे, हे त्याला बहुधा दुकानात कळते, आणि तिथे बोलणे उंदीर मरण्यापुरतेच असते.

विषाविषात मोठा फरक आहे. झिंक फॉस्फाइडने पोटात फॉस्फिन वायू तयार होतो, उंदीर काही तासांत मरतो आणि विष अंगात फारसे साठत नाही. ब्रोमॅडिओलोनची गोष्ट वेगळी. ते के जीवनसत्त्वाचे काम अडवते, रक्त गोठेनासे होते, पण मरण यायला चार-सात दिवस लागतात. उंदराला आमिषाचा संशय येत नाही, म्हणूनच ते खपते. तेवढ्या दिवसांत तो खात राहतो, सुस्तावतो, भरदिवसा उघड्यावर येतो. कापशीला याहून सोपी शिकार कुठली? उंदराच्या यकृतातले विष तिच्या यकृतात जाते आणि महिनोन्महिने राहते. असे उंदीर खात गेले की पक्ष्याला आतल्या आत रक्तस्राव होतो. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची यकृते नियमित तपासतात. बहुसंख्य पक्ष्यांत अशी रक्त गोठू न देणारी विषे सापडतात. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून या गटातल्या जालीम औषधांचा बहुतेक वापर रोखला.

पक्षी कशाने मरतात, हे शव तपासल्यावरच कळते. गिधाडे १९९० च्या दशकात पटापट संपत गेली. मेलेल्या पक्ष्यांची शवे तपासली, तेव्हा २००४ मध्ये जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे नाव पुढे आले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर भारतात बंदी आली. घुबडाचे शव मात्र अपशकुन म्हणून कोणी हातात धरत नाही. त्यामुळे त्याच्या मरणाची नोंदच होत नाही, आणि नोंद नाही म्हणून प्रश्नही नाही.

माझे मत स्पष्ट आहे: उघड्या शेतात ब्रोमॅडिओलोनसारखे मंद विष नकोच. झिंक फॉस्फाइडही निरुपद्रवी नाही. बांधावर पसरले तर होले मरतील, कोंबड्या मरतील, लेकरू दगावेल. बिळे संध्याकाळी बुजवावीत, सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांतच आमिष घालून तोंड बंद करावे, मेलेले उंदीर खोल पुरावेत. बांध अरुंद ठेवावेत. हरभऱ्यात घाटे अळीसाठी आपण पक्षी थांबे लावतोच. घुबडांसाठी ते उंच हवेत. इस्राएलमध्ये स्दे एलियाहू इथल्या शेतकऱ्यांनी १९८३ पासून घुबडांसाठी घरटे-पेट्या लावल्या, पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टाइनमधले शेतकरीही त्यात आले. मात्र पेटी लावायची आणि त्याच शेतात मंद विष टाकायचे, हे घुबडाला बोलावून मारणे झाले.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे रोजी, वर्धापनदिनी, खरीप मेळावा भरतो. तेव्हा, पेरणीपूर्वी, शेते मोकळी असतात, बिळे दिसतात, उंदरांची संख्या वाढलेली नसते. उंदरांचा बंदोबस्त एकट्याने केला तर शेजारच्या बांधावरून उंदीर परत येतात. म्हणून गावच्या सगळ्या शेतांत एकाच आठवड्यात बिळे बुजवण्याचा कार्यक्रम त्या मेळाव्यात ठरावा, आणि विष विकणाऱ्या दुकानदारांनाही तिथे बोलावले जावे.