तीन नॅनोमीटरची खोली

नॅनो म्हटलं की काहीतरी जादू, असा समज आपल्याकडे रुजला आहे. वायू ओळखणाऱ्या सेन्सरांच्या बाबतीत तरी तिथे जादू नाही, एक माप आहे. ते हाती यायला जवळपास चाळीस वर्षं लागली.

1953 मध्ये बेल प्रयोगशाळेत ब्रॅटन आणि बार्डीन यांनी जर्मेनियमभोवतीचा वायू बदलून पाहिला, तर त्याच्या पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्म बदलले. ट्रान्झिस्टरवाल्यांना ही डोकेदुखीच होती; पृष्ठभाग हवेपासून जपायचा, हा त्यांचा धडा. 1962 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात तेत्सुरो सेइयामा यांनी नेमकं उलट केलं. झिंक ऑक्साइडचा पातळ थर तापवून त्यांनी तो मुद्दाम वायूंसमोर उघडा ठेवला आणि त्याची वाहकता मोजली. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइड निवडलं. जपानी घरांत सिलिंडरचा गॅस पोचला होता, त्यापाठोपाठ गळतीचे स्फोटही. ही विद्या स्वयंपाकघरापर्यंत नेली ती तागुचींनी, आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळत नाही असं मला वाटतं.

त्यांच्या पद्धतीचा सेन्सर उघडून पाहावा. पोलादी जाळीची टोपी, म्हणजे आत ठिणगी पडली तरी ज्वाला बाहेर येऊ नये. आत काही मिलिमीटरची सिरॅमिकची नळी, तिच्या पोटात तापणारी तार, बाहेरून टिन ऑक्साइडचा लेप. तो तीन-चारशे अंशांपर्यंत तापला की हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर चिकटतो आणि आतले इलेक्ट्रॉन गहाण ठेवून घेतो. कणाच्या कडेला इलेक्ट्रॉनांचा दुष्काळ पडतो, विजेची वाट अडते. मग गळलेला गॅस येतो, त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध झपाट्याने उतरतो.

हा दुष्काळी थर टिन ऑक्साइडमध्ये साधारण 3 नॅनोमीटर खोल असतो. कण मोठा असेल तर त्याच्या गाभ्याला बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नसतो. 1991 मध्ये क्युशूच्याच नोबोरू यामाझोए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कणाचा व्यास 6 नॅनोमीटरच्या आसपास आणला की संवेदनशीलता एकदम उसळते. दोन्ही बाजूंचे थर मध्यभागी भेटतात, गाभा उरतच नाही. पुढे नॅनोतारा आल्या, नॅनोपट्ट्या आल्या. मूळ हिशेब तोच.

मात्र सेन्सरला गॅस कळत नाही, पृष्ठभागावरचा ऑक्सिजन कमी झाल्याचं कळतं. तो स्वयंपाकाच्या गॅसने कमी झाला, कार्बन मोनॉक्साइडने की मद्यार्काच्या वाफेने, हे त्याला सांगता येत नाही. कण कितीही बारीक करा, हा प्रश्न सुटत नाही. पॅलॅडियमचे ठिपके लावून कल थोडा वळवता येतो. 1982 मध्ये वॉरिक विद्यापीठात पर्सोद आणि डॉड यांनी निराळी वाट काढली: थोडे वेगवेगळे सेन्सर एकत्र ठेवायचे आणि सगळ्यांच्या उत्तरांचा मिळून आकृतिबंध वाचायचा. मला ही वाट अधिक खरी वाटते.

त्यात पाण्याची वाफ. तीही त्याच पृष्ठभागावर जागा धरते आणि रोध बदलते. कोरड्या हवेतला विक्रमी आकडा छापून येतो तेव्हा मी आधी आर्द्रता शोधतो. आपल्या घरांसाठीचा सेन्सर रत्नागिरीच्या जुलैमधल्या हवेत तपासलेला असायला हवा, आणि तिथला आकडा खोक्यावर छापलेला असायला हवा.