खाचांची किंमत

सवच्या घराचा माळा रिकामा करताना आजोबांची छर्ऱ्याची बंदूक निघाली. गोणपाटात गुंडाळलेली, नळीवर गंज. विकून आलेले पैसे बाबा, काका आणि आत्या यांच्यात वाटायचे ठरले आणि किंमत काढायचं काम माझ्यावर आलं. घरात 'कॉम्प्युटरवाला' मीच, त्यामुळे असली सगळी कामं माझ्याकडेच येतात.

ओळख पटवणं सोपं गेलं. सिलिंडरवर एक बाई कोरलेली होती. धनुष्य टाकून देऊन तिने बंदूक डोक्यावर उंच धरली आहे. ही डायना, रोमन लोकांची शिकारीची देवता आणि जर्मनीतल्या रास्टाट गावच्या कारखान्याचा छाप. शेजारी 27 हा मॉडेल नंबर. मागच्या टोकाला बारीक आकडे, 5 आणि 71. म्हणजे मे 1971. बोअर आधीच मोजून घेतला, 0.177 इंच. आपल्याकडे बोअर त्याहून मोठा किंवा ताकद 20 जूलहून जास्त असेल तर परवाना लागतो.

मग पुण्याच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. ते म्हणाले, "गंज घासू नका, पॉलिश मारू नका, जुना स्क्रूही बदलू नका. मूळ रूप गेलं की भाव गेला." पुढे म्हणाले, "दस्त्यावर खाचा आहेत, तो दोष धरावा लागेल. नऊ हजार देतो. भरून आणल्यात तर बारा."

गंज मूळ रूपात धरायचा आणि खाचा मात्र दोषात! पावसाने केलेलं चालतं, माणसाने केलेलं नाही.

खाचा 43 आहेत. आजोबा मुंबईहून सुटीवर आले की उंबराखाली बसायचे. फळं पिकली की हरियालांचा थवा उतरतो. एक पक्षी, एक खाच. हरियाल आपला राज्यपक्षी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, म्हणजे बंदूक त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठी. आजोबांना कायदा कुठून माहीत असणार, असा बचाव मी मनात तयार केला होता. पण शेवटच्या खाचा पडल्या तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तो रस्सा मी दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

भरलेल्या आहेत असं सांगून विकलं तर ते खोटंही नाही. पक्षी तक्रार करणार नाहीत, आजोबा गेले. मग खाचा ठेवायच्या कोणासाठी? कामावर आम्ही कोडचा इतिहास पुसून नीटनेटका लिहितो. कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे काही मोडल्यावर, कधी आणि का मोडलं हे शोधायची वेळ आली की.

2021 मध्ये अरुणाचलात लोकांनी एअरगन सरकारजमा केल्या, तसं करावं असंही वाटून गेलं. पण बंदूक एकट्या माझी नाही. आत्याला फोन केला. "म्हणजे तुझ्या मनाला लागलं म्हणून माझे हजार कमी?" तिने सरळ विचारलं. तिच्या घराची कौलं अजून उतरवायची आहेत, हजाराला तिथे किंमत आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. रस्सा तिनेही खाल्ला होता, पण ते मी बोललो नाही.

बंदूक खाचांसकट नऊ हजारांना गेली. तिघांचे मिळून तीन हजार मी माझ्या पगारातून घातले. आत्याने ते घेतले आणि विचारलं, "संग्राहकाला सांगितलंस का, खाचा कशाच्या ते?"

सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं.