पुसण्याचे ओरखडे

गेल्या वैशाखात एका लग्नासाठी आम्ही सकाळी साडेसातच्या सुमारास बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने चंदगडकडे निघालो होतो. तोंड पश्चिमेला, ऊन पाठीशी. मागच्या काचेतून आलेली तिरपी उन्हे समोरच्या मीटरवर पडली आणि मीटर दिसेनासा झाला. काटा नाही, आकडा नाही, नुसता पांढुरका पडदा. सौ.ने विचारले, “किती वेगात चाललोय?” मला सांगता येईना.

गाडी आमची मारुती ८००, सेकंडहँड घेतलेली. हे मॉडेल २०१४ साली निघायचे बंद झाले, तरी आमची अजून कुरकुर न करता चालते, कारण मी तिला जपतो. शाळेला निघण्यापूर्वी जुन्या बनियनच्या तुकड्याने डॅशबोर्ड आणि मीटरचे आवरण पुसायचे, हा बारा-तेरा वर्षांचा नेम. त्यामुळे प्रथम मनात आले ते एवढेच, की प्लॅस्टिक निकृष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत आवरण सोडवून भिंगाखाली धरले तेव्हा खरा प्रकार कळला. ओरखडे गोलगोल होते. माझा हात ज्या चालीने फिरतो, त्याच चालीचे.

अशी आवरणे बहुधा काचेची नसतात, अ‍ॅक्रिलिकची असतात. हे पारदर्शक प्लॅस्टिक १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांनाही वापरले गेले. नवे असताना त्यातून नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश आरपार जातो. पण ते काचेपेक्षा पुष्कळच मऊ. आणि आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते काचेलाही चरा पाडतील इतके कठीण. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे ते कण आवरणावर घासणे. एका पुसण्याचा ओरखडा डोळ्यांना दिसत नाही. हजारो झाले की प्रकाश सरळ न जाता चहूकडे फाकतो, आणि त्यालाच आपण धूसरपणा म्हणतो.

ग्रीकांचे एक जुने कोडे आहे. एका दाण्याची रास होत नाही, दोनांची होत नाही. मग नेमक्या कोणत्या दाण्याला रास होते? मी हातात आवरण घेऊन तेच विचारीत बसलो. माझे कोणते पुसणे चुकले? एकही नाही. मग हा पडदा कोणाचा?

प्रश्न मीटरपुरता राहिला असता तर तो या पानांवर आणण्याचे कारण नव्हते.

आमची मुलगी लहानाची मोठी झाली ती गल्ली निम्मी कानडी. “बाबा, तो सुम्ने बसला होता,” असे ती म्हणायची. मी लगेच, “सुम्ने नव्हे, गप्प.” ती, “ऊट झालं काय?” मी, “जेवण म्हण.” ती, “अभ्यास करूलाय,” मी, “करते आहे.” मी मराठीचा एम. ए., राहणार सीमाभागात; घरची भाषा राखणे हे मला व्रतच वाटे. वर्गात मात्र मीच शिकवीत असे की अण्णा, अक्का हे शब्द आपण कानडीतून घेतले आणि घरचे करून टाकले. घरी आलो की हातात फडके.

नववीपर्यंत ती माझ्यासमोर जेवताना बोलेनाशी झाली. आज बेंगळुरूला नोकरी करते. फोन मी उचलला तर पहिले वाक्य, “आई आहे का?” शुद्ध मराठीत.

यात माझा दोष किती? प्रत्येक दुरुस्ती व्याकरणाने बरोबर होती, हेतूही चांगला होता. क्षमा मागायची तर कोणत्या कृत्याबद्दल? नीतिशास्त्राची पुस्तके कृत्य आणि हेतू यांचा पुष्कळ खल करतात. पण जिथे कृत्ये एकेकटी निर्दोष आणि बेरीज मात्र दुखावणारी, तिथे त्या पुस्तकांचा मला फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो फडक्याचा. फडके मऊच होते. ओरखडे फडक्याने काढलेच नव्हते, फडक्याखाली अडकलेल्या खड्याने काढले होते. माझ्या आणि मुलीच्या मध्ये तो खडा भीतीचा होता. आपल्यामागे या घरात मराठी उरणार नाही, ही भीती. सीमेवरच्या घरांना ती वेगळी सांगायला नको. आठ वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर मी तिचा सगळा भार टाकीत होतो.

म्हणून पुसूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. न पुसलेल्या मीटरवरही काही दिसत नाही. धूळ आधी साबणाच्या पाण्याने सोडवायची, मग हलक्या हाताने टिपायची, एवढेच.

झालेले ओरखडे घालवण्याचा पहिला उपाय मला शेजाऱ्यांनी सांगितला: खोबरेल तेल. खरोखरच चकाकी आली. तेल चऱ्यांत भरते आणि प्रकाशाला ते जवळजवळ अ‍ॅक्रिलिकसारखेच भासते. दोन दिवसांत त्यावर दुप्पट धूळ चिकटली. (मुलीला दर वाढदिवसाला इरकल साडी पाठवण्याचा माझा परिपाठ मला तेव्हा आठवला.) थिनर, स्पिरिट यांच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी अ‍ॅक्रिलिकला आतून केसासारख्या चिरा जातात.

खरा उपाय वॉटर पेपरचा. चरा भरून निघत नाही. त्याच्या तळापर्यंत भोवतालचा सगळा पृष्ठभागच खाली आणावा लागतो. १००० नंबरचा कागद ओला करून उभा घासायचा, मग १५००चा आडवा, पुन्हा उभा २०००चा, शेवटी ३०००चा. दिशा बदलल्याने मागच्या कागदाच्या रेघा गेल्या की नाही ते कळते. दर वेळी धुवायचे, कारण जाड कागदाचा एक कण राहिला तरी केलेले सगळे वाया. पहिल्या अर्ध्या तासात आवरण दुधी काचेसारखे पार आंधळे होते. तिथेच माझा धीर सुटला होता. सौ. म्हणाली, “आता थांबलात तर आहे त्याहून वाईट.” मग पॉलिश, आणि संध्याकाळी आकडे दिसू लागले.

आमच्या शाळेतले एक जैन सहकारी दरवर्षी क्षमावणीला घरी येऊन कळत-नकळत झालेल्या चुकांबद्दल क्षमा मागतात. त्यातले ‘नकळत’ मला इतकी वर्षे शिष्टाचाराचे वाटे. यंदा गणपतीला मुलगी आली तेव्हा पहिल्याच रात्री, पाने वाढून झाल्यावर, मी तिला तोच शब्द वापरून सांगितले. “मी बरोबर होतो” हे चार वेळा ओठावर आले, चारही वेळा गिळले. बोलणे लांबले, आवाजही जरा फिरला. ती बराच वेळ पानाकडे बघत होती. मग म्हणाली, “बाबा, वरण गार होऊलाय. सुम्ने जेवा आता.”

मी जेवलो.

परतताना तिला स्टेशनवर सोडायला गेलो. मीटरवर बोट टेकवून तिने विचारले, “हा एक राहिला की?” साठाच्या आकड्याजवळ एक खोल चरा आहे, नखाला लागतो. मी तिला सांगितले, तेवढ्याच जागी घासत बसलो असतो तर तिथे खळगा पडला असता आणि साठाचा आकडा वाकडा दिसला असता. म्हणून तो राहू दिला.