काळजीची विल्हेवाट

जर्मनीत वोल्फनब्युटल शहराजवळ आस्से नावाची झाडीने भरलेली डोंगररांग आहे. तिच्या पोटात एक जुनी मिठाची खाण आहे आणि त्या खाणीत १९८८ पासून बाहेरचं पाणी झिरपतं आहे. गेली कित्येक वर्षं त्याचं प्रमाण दिवसाला सुमारे १२ घनमीटर धरलं जातं. उन्हाळ्यात आपल्या गावांना पाणी पुरवणारा मोठा टँकर भरेल, एवढं. जमिनीखाली कित्येकशे मीटर खोल माणसं हे पाणी अडवतात, साठवतात आणि त्यात किरणोत्सार उतरला आहे का ते तपासतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एवढी राखण कशाची? १९६७ ते १९७८ या अकरा वर्षांत किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे १ लाख २६ हजार पिंपं या खाणीत उतरवली गेली. सुरुवातीला ती नीट रचली जात. पुढे काम लवकर उरकावं आणि कामगारांना किरणोत्सार कमी लागावा म्हणून लोडरने ती मिठाच्या उतारावरून खाली ढकलून दिली आणि वरून मिठाचाच थर पसरला. कागदोपत्री ही संशोधनासाठीची खाण होती. मीठ कोरडं असतं, दाबाखाली हळूहळू सरकून पोकळी बुजवतं, उष्णता वाहून नेतं. तेव्हा त्यात पुरलं की प्रश्न मिटला, असा हिशेब होता. मिठाबद्दलची ही माहिती खरी आहे. पण आधीच्या माणसांनी मीठ काढताना खाणीची एक बाजू इतकी पोखरून ठेवली होती की शेजारचा खडक हलू लागला, आणि पाण्याला वाट मिळाली. २०१३ मध्ये जर्मन संसदेने कायदा करून ठरवलं की ही पिंपं पुन्हा वर काढायची. ते काम २०३३ च्या आसपास सुरू करण्याचं नियोजन आहे.

त्या पिढीला केवळ बेफिकीर म्हणून मोकळं होता येत नाही. तेव्हा साऱ्या जगाचा विचारच तसा होता. अमेरिकेने १९४६ पासून आणि ब्रिटनने १९४९ पासून किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं समुद्रात सोडली. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीही त्यात एकदा सामील झाली. समुद्र अफाट आहे, तो सामावून घेईल, असं शिकलेली, जबाबदार माणसं मनापासून मानत होती. या प्रकारावर जगभर पूर्ण बंदी घालण्याचा ठराव व्हायला १९९३ साल उजाडलं.

जर्मन भाषेत कचऱ्याच्या विल्हेवाटीला ‘एंटझोर्गुंग’ म्हणतात. त्यात ‘झोर्ग’ म्हणजे काळजी. सबंध शब्दाचा अर्थ होतो काळजी काढून टाकणं. मराठीतला ‘विल्हेवाट’ही असाच मनात घोळवण्याजोगा शब्द आहे. विल्हेस लावणं म्हणजे ज्याची त्याची जागा लावून देणं, नीट व्यवस्था करणं. रोजच्या बोलण्यात मात्र विल्हेवाट लावली म्हणजे ती गोष्ट नजरेआड झाली, विषय संपला, असाच अर्थ उरला आहे. व्यवस्था लावणं आणि नजरेआड करणं यांतलं अंतर ओळखायला जर्मन समाजाला जवळजवळ अर्धशतक लागलं. त्या ओळखीतूनच पुढे त्यांची वीज बदलली. वाहतूक मात्र अजून तितकी बदललेली नाही.

या कथेचं खरं गाव आहे गोर्लेबेन. एल्ब नदीकाठचा वेंडलँड हा शेतीचा, विरळ वस्तीचा प्रदेश, तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या सीमेला लागून. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी लोअर सॅक्सनी राज्याचे प्रमुख एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी जाहीर केलं की देशाचं आण्विक ‘एंटझोर्गुंग’ केंद्र इथे होणार: इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना वर, आणि कायमची साठवण खाली मिठाच्या घुमटात. काळजी काढून टाकण्याचं केंद्र गावात येणार, आणि गावाला ते बातम्यांतून कळलं. आम्हीच का, कोणत्या निकषांवर, इतर जागा का नाहीत, या प्रश्नांना पटणारी उत्तरं मिळाली नाहीत.

मार्च १९७९ मध्ये तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राज्याच्या राजधानीकडे, हानोवरकडे निघाले. ते वाटेत असतानाच, २८ मार्चला, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. ३१ तारखेला ट्रॅक्टर हानोवरला पोहोचले तेव्हा रस्त्यावर सुमारे एक लाख माणसं होती. मे महिन्यात आल्ब्रेख्त यांनी पुनर्प्रक्रियेचा कारखाना सोडून दिला. लोकांच्या विरोधात तो रेटता येणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. मिठातल्या साठवणीचा शोध मात्र चालूच राहिला. १९८० च्या मे महिन्यात आंदोलकांनी खोदकामाच्या जागेवर लाकडी झोपड्यांचं गाव वसवलं, त्याला ‘मुक्त वेंडलँड प्रजासत्ताक’ म्हटलं, स्वतःचे पासपोर्टसुद्धा काढले. ३३ दिवसांनी पोलिसांनी ते मोडून काढलं.

पुढे १९९६ ते २०११ या काळात फ्रान्समधल्या ला हाग इथून, जर्मनीच्या इंधनावरच्या पुनर्प्रक्रियेतून उरलेला आणि काचेत गोठवलेला कचरा रेल्वेने गोर्लेबेनला येत राहिला. ज्या ओतीव लोखंडाच्या कुप्यांतून तो येई त्यांना ‘कॅस्टर’ म्हणतात. एकेक कुपी सहा मीटर लांब आणि भरल्यावर शंभर टनांहून जड. तिला दोन झाकणं असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत हेलियम वायू दाबून भरलेला असतो. तो दाब मोजणारं यंत्र अहोरात्र चालू असतं. दाब उतरला तर एका झाकणातून गळती आहे, असं समजायचं. वेंडलँडच्या घराघरांपुढे दोन फळ्या ठोकून केलेली पिवळी फुली उभी राहिली. ‘क्ष दिवस’, म्हणजे गाडी येण्याचा दिवस, त्याची ती खूण. लोक रुळांवर बसत, स्वतःला साखळ्यांनी बांधून घेत, शेतकरी ट्रॅक्टर आडवे लावत. २०११ च्या शेवटच्या फेरीला पाच दिवसांहून अधिक लागले.

हा कचरा कुठे तरी जायलाच हवा होता, आणि तो जर्मनीचाच होता. आंदोलकांवर तेव्हा हीच टीका होई, आणि ती खोटी नव्हती. पण रुळांवर बसलेल्यांचा मुद्दा वेगळा होता: नळ उघडा ठेवून फरशी पुसायला कुणी सांगू नये.

नळ बंद करायचा तर विजेची दुसरी वाट हवी. तिचा शोध देशाच्या दुसऱ्या टोकाला, नैर्ऋत्येकडे, आधीच सुरू झाला होता. १९७५ मध्ये वील या गावी द्राक्षबागायतदारांनी आणि शेतकऱ्यांनी नियोजित अणुवीज केंद्राची जागा ताब्यात घेतली. ते केंद्र कधीच झालं नाही. त्याच भागात, फ्रायबुर्ग शहरात, १९७७ मध्ये ओको इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली आणि १९८० मध्ये तिने ‘एनर्गी-वेंडं’ या नावाने एक अभ्यास छापला. तेलाशिवाय आणि युरेनियमशिवाय देशाचं भरभराटीचं जीवन चालेल का, याचा आकडेवारीनिशी मांडलेला तो हिशेब होता. आज ऊर्जा-परिवर्तनासाठी जगभर वापरला जाणारा जर्मन शब्द तो हाच.

मग १९८६ चा चेर्नोबिलचा अणुअपघात. किरणोत्सारी ढग पावसाबरोबर दक्षिण जर्मनीवर उतरले. मुलांना वाळूत खेळू द्यावं का, पालक खावा का, दूध द्यावं का, असे प्रश्न घरोघरी उभे राहिले. ब्लॅक फॉरेस्टमधल्या शोनाऊ या अडीच हजार वस्तीच्या गावात काही आईबाप एकत्र आले. उर्सुला आणि मिखाएल झ्लाडेक हे दांपत्य त्यांत पुढे होतं. ती शिक्षिका, तो डॉक्टर. त्यांनी आधी गावात वीज वाचवण्याच्या स्पर्धा घेतल्या. वीज कंपनीला त्यात रस नव्हता, तेव्हा त्यांनी गावाची वीजवाहिनीच विकत घ्यायचं ठरवलं. त्यासाठी १९९१ आणि १९९६ अशी दोनदा गावात सार्वमत घ्यावं लागलं आणि दोन्ही वेळा थोडक्यात विजय मिळाला. कंपनीने तारांची किंमत गावाच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त सांगितली. देशभरातून देणग्या आल्या. १ जुलै १९९७ रोजी गावाच्या तारा गावाच्या झाल्या.

अणुविजेला नको म्हणणं सोपं होतं. रात्री दिवा लागला नाही तर शेजारी आपल्याच दारात येणार, ही जबाबदारी घेणं अवघड होतं. ती शोनाऊने घेतली. वेंडलँडने विचारलं होतं, ‘हे कुणी ठरवलं?’ शोनाऊने त्यापुढे विचारलं, ‘आता आपण काय करायचं?’ या दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिला प्रश्न अर्धाच राहिला असता.

१ एप्रिल २००० रोजी जर्मनीचा अक्षय ऊर्जा कायदा लागू झाला. खासदार हेर्मान शेअर आणि हान्स-योसेफ फेल हे त्याचे मुख्य शिल्पकार. छपरावर सौर पत्रे बसवणाऱ्याला वीस वर्षं ठरलेल्या दराने पैसे मिळण्याची हमी त्यात होती. तेव्हा देशाच्या विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. या महागड्या सुरुवातीचा भार जर्मन ग्राहकांनी वर्षानुवर्षं वीजबिलातून उचलला. त्या मागणीमुळे जगभर सौर पत्र्यांचे कारखाने वाढले, आणि २०१० नंतर सौर विजेचा खर्च सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प तर जर्मनीच्याच ‘केएफडब्ल्यू’ बँकेच्या कर्जातून उभा राहिला.

महाराष्ट्राशी दुसरा धागा जैतापूरचा. माडबनच्या पठारावर अणुभट्ट्या उभारण्यासाठी २०१० मध्ये ज्या ‘अरेव्हा’ या फ्रेंच कंपनीशी करार झाला, तिच्याच ताब्यात तेव्हा ला हागचा कारखाना होता. गोर्लेबेनला जाणाऱ्या कुप्या तिथेच भरल्या जात. जैतापूरच्या वादात मासे, आंबा, भूकंप आणि जमिनीचा मोबदला यांवर पुष्कळ बोललं गेलं, आणि ते रास्तच होतं. कचऱ्याचा प्रश्न मात्र मागे राहिला. आपल्याकडे वापरलेलं इंधन कचरा न मानता पुन्हा कामी येणारा माल मानलं जातं. पण पुनर्प्रक्रियेनंतरही तीव्र किरणोत्सारी अंश उरतोच. तारापूरला तो काचेत गोठवून देखरेखीखाली ठेवलेला आहे.

‘हे कुणी ठरवलं?’ हा वेंडलँडचा प्रश्न सौर प्रकल्पालाही चुकत नाही. धुळे जिल्ह्यातल्याच विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा न्याय्य मोबदला मिळावा म्हणून खेटे घातले आणि २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून ती मिळवण्याची रीत आपोआप स्वच्छ होत नाही.

फुकुशिमानंतर, २०११ मध्ये, जर्मनीने अणुऊर्जा सोडण्याचा अखेरचा निर्णय घेतला आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या थांबल्या. त्या वर्षीही देशाची सुमारे एक चतुर्थांश वीज कोळशाची होती. आधी कोळसा आणि मग अणू, असा क्रम लावला असता तर हवेत कमी धूर गेला असता, हे मान्य केलं पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये लिग्नाइटच्या खाणीसाठी ल्युत्झेराथ नावाची वाडी पोलिसांनी रिकामी केली, तेव्हा तिथेही वेंडलँडचीच पिवळी फुली उभी होती.

या फुलीतच विचाराचं पुढचं पाऊल आहे. धूर हाही कचराच. फक्त त्याला पिंप नाही, झाकण नाही, दाब मोजणारं यंत्र नाही. मोटारीच्या नळीतून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा एक हिस्सा हजारो वर्षं हवेत राहतो, आणि त्याच्या वाटेवर कुणी साखळीने बांधून बसू शकत नाही. म्हणूनच वाहतुकीत जर्मनी अडखळली असावी. १९९० मध्ये तिथल्या वाहतुकीतून सुमारे १६ कोटी ४० लाख टन हरितगृह वायू बाहेर पडले. २०२३ मध्ये सुमारे १४ कोटी ६० लाख टन. विजेतल्या घसरणीपुढे ही घट नगण्य आहे. खटका दाबणाऱ्याला वीज कुठून आली हे कळतही नाही; प्रवास बदलायचा तर सकाळी घरातून निघण्याची वेळ आणि सवय बदलावी लागते. तरीही फ्रायबुर्गने ते करून दाखवलं. ट्राम मोडीत न काढता वाढवली, १९८४ मध्ये एकमेकांना देता येईल असा स्वस्त मासिक पास काढला आणि फोबान या जुन्या लष्करी छावणीच्या जागी मोटारींना दारापुढे जागा नसलेली वस्ती वसवली. मे २०२३ मध्ये देशभरच्या स्थानिक गाड्या, ट्राम आणि बस यांसाठी ४९ युरोंचा एकच मासिक पास आला. जानेवारी २०२५ मध्ये तो ५८ युरो झाला.

कचऱ्याचं काय? २०१३ मध्ये नवा कायदा झाला. जागेचा शोध कोऱ्या नकाशापासून सुरू करायचा, निकष उघड ठेवायचे, आणि जागा दहा लाख वर्षं सुरक्षित राहील अशी असली पाहिजे. ही मुदत माणसाच्या डोक्यात मावत नाही. नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख जेमतेम दोन हजार वर्षांचा. त्याची प्राकृत ही आपल्या मराठीची पूर्वज. तरी पावसाळ्यात तिथून जाणाऱ्या हजारो भटक्यांपैकी एखाद्यालाच तो वाचता येतो. १९८४ मध्ये अमेरिकी सरकारसाठी केलेल्या अहवालात चिन्हशास्त्राचे अभ्यासक टॉमस सेबिओक यांनी सुचवलं होतं की दहा हजार वर्षं धोक्याची आठवण पोहोचवायला पुरोहितांसारखी परंपरा निर्माण करावी. काळजी काढून टाकणं कुठे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सोपवत राहणं कुठे!

२८ सप्टेंबर २०२० रोजी पहिली चाळणी जाहीर झाली. देशाचा ५४ टक्के भूभाग पुढच्या अभ्यासासाठी यादीत होता. गोर्लेबेनचा मिठाचा घुमट त्यात नव्हता. भूशास्त्रीय निकषांवर तो बाद झाला होता. ४३ वर्षांनंतर. २०२४ च्या अखेरीपासून तिथल्या खाणीतून काढलेलं सुमारे चार लाख टन मीठ पुन्हा खाली भरलं जात आहे. जवळच्याच साठवण इमारतीत ११३ कुप्या उभ्या आहेत. त्या इमारतीचा परवाना २०३४ पर्यंतचा आहे, आणि कुप्या जिथे जातील ती जागा अजून ठरलेली नाही. भिंतीतल्या खाचांमधून बाहेरची हवा आत येते, कुप्यांच्या अंगावरून तापून छताकडे निघून जाते. दोन झाकणांच्या मधल्या हेलियमचा दाब कुणीतरी आजही नोंदवून ठेवत आहे.