पडलेल्या रेकॉर्डचे चाहते

२२ नोव्हेंबर १९६८ या एकाच दिवशी इंग्लंडात दोन रेकॉर्ड दुकानांत आल्या. एक बीटल्सची, कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातली. दुसरी किंक्स या उत्तर लंडनच्या चौघांची. तिचं नाव 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी', म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या संस्थेची पाटीच जणू. पहिली थेट अव्वल क्रमांकावर गेली. दुसरी ना ब्रिटनच्या खपाच्या यादीत दिसली, ना अमेरिकेच्या. तिच्यातली पंधराही गाणी बँडचा गायक रे डेव्हिस याने लिहिलेली होती, आणि त्याचं वय होतं चोवीस.

आज डेव्हिसने ऐंशी ओलांडली आहे आणि त्याचे पक्के चाहते जिव्हाळ्याने बोलतात ते मुख्यतः या आपटलेल्या रेकॉर्डबद्दल. मला यात विसंगती वाटत नाही. हिट गाण्यांनी किंक्सना श्रोते मिळवून दिले. चाहते मिळवून दिले ते पडलेल्या कामाने. गाजलेल्या गाण्याला कुणी सांभाळावं लागत नाही, रेडिओ सांभाळतोच. न चाललेली रेकॉर्ड मात्र कुणीतरी जपून ठेवावी लागते, घरी आलेल्याला बसवून ऐकवावी लागते. असं दहा-वीस वर्षं केलं की ती ज्याने लिहिली त्याच्याविषयी आपलेपणा आल्याशिवाय राहत नाही.

हिट गाणी नव्हती असं नाही. १९६४ साली 'यू रिअली गॉट मी' ब्रिटनमध्ये पहिलं आलं. त्यातला गिटारचा फाटका, खरखरीत आवाज रेचा धाकटा भाऊ डेव्ह याचा. त्याने आपल्या स्वस्तातल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरून टाकला होता. पुढे रॉकमध्ये जे धडधडीत गिटार ऐकू आलं, त्याच्या मुळाशी हे ब्लेड आहे. पण १९६५च्या अमेरिका दौऱ्यात भांडणं झाली, तिथल्या वादक संघटनेशी बिनसलं आणि पुढची सुमारे चार वर्षं किंक्सना अमेरिकेचं दार बंद झालं. बाकीचे इंग्रज बँड अमेरिका जिंकत असताना डेव्हिस घरी बसून लंडनकडे बघत राहिला. गाणी बदलली ती इथे. कर भरून मेटाकुटीला आलेला श्रीमंत, फॅशनचा गुलाम, आणि वॉटर्लू स्टेशनपाशी भेटणारं एक जोडपं, अशी माणसं त्याच्या गाण्यांत राहायला आली.

१९६५च्याच सुरुवातीला, ऑस्ट्रेलियाला जाताना, हे चौघे मुंबईत थांबले होते. पहाटे कामाला निघालेल्या कोळ्यांचं गाणं डेव्हिसच्या कानावर पडलं आणि त्यातून 'सी माय फ्रेंड्स' निघालं. बीटल्सची सतार ऐकू येण्याच्या काही महिने आधी. ते ऐकताना कोळीगीताचा ठेका शोधायला जाऊ नये, तो नाही सापडणार. सापडतो तो गिटारवर धरून ठेवलेला एक आधारस्वर आणि त्याच्यावर आळसावलेला गळा. 'पूर्वेचा प्रभाव' म्हणून पुढे जो बाजार भरला, त्यामानाने हे उसनं घेणं फारच सभ्य होतं.

पण चाहत्याचं प्रेम टिकतं कशावर? 'आम्हालाच हा कळला' ही मिरवणूक त्यात थोडी असतेच. पण पन्नास वर्षं कुणी मिरवत नाही. मला वाटतं, डेव्हिसची गाणी वयानुसार जागा बदलतात. 'वॉटर्लू सनसेट'मध्ये ते जोडपं आहे, आणि खिडकीतून त्यांच्याकडे बघणारा एकटा निवेदकही आहे. विशीत ऐकणारा स्वतःला त्या जोडप्यात बघतो. साठीत तो खिडकीत बसलेला असतो, आणि त्याची तक्रार नसते. गाणं तेच, १९६७ सालचं, सव्वातीन मिनिटांचं.

दुसरं उदाहरण अधिक खोल आहे. रेच्या तेराव्या वाढदिवसाला थोरल्या बहिणीने, रेनेने, त्याला स्पॅनिश गिटार भेट दिलं. तिचं हृदय अधू होतं. त्याच संध्याकाळी ती लायसियम बॉलरूममध्ये नाचायला गेली आणि तिथेच गेली. पंचवीस वर्षांनी त्याने 'कम डान्सिंग' लिहिलं. ते ऐकायला उडतं, नाचरं आहे आणि अमेरिकेत खूप चाललं. त्यातल्या बहिणीचं लग्न झालंय, मुली मोठ्या झाल्यात, आणि आता रात्री त्यांची वाट बघत जागायची पाळी तिची आहे. म्हणजे रेनेला जे आयुष्य मिळालं नाही ते भावाने गाण्यात देऊन टाकलं, रडारड न करता. हे माहीत झाल्यावर ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही.

चाहत्यांचा जाचही असतो, तोही सांगितला पाहिजे. त्यांना १९६८ हवं असतं. सत्तरच्या दशकात डेव्हिसने नाट्यमय, लांबलचक रेकॉर्ड काढल्या तेव्हा जुनी मंडळी वैतागली. नंतर अमेरिकेतल्या मोठ्या मैदानांत तो दणदणीत रॉक वाजवू लागला तेव्हा आणखी काहींनी नाकं मुरडली. दोघा भावांचं मंचावर आणि मंचाबाहेर पटत नव्हतं, १९९६ला बँड थांबला, तरी 'पुन्हा एकत्र कधी?' हा प्रश्न चालूच. गंमत अशी की ज्या रेकॉर्डवर ही माणसं जीव टाकतात, तिच्यातच जुन्याला कवटाळणाऱ्यांची चेष्टा आहे. एक गाणं तर फोटो काढून क्षण पकडू बघणाऱ्यांवरच आहे. डेव्हिसला जुनं इंग्लंड आवडतं आणि त्या आवडीचा संशयही येतो. ही दुहेरी नजर बऱ्याच भक्तांच्या हातून निसटते.

तरीही लंडनच्या टफनेल पार्कमध्ये दरवर्षी चाहते जमत आले, बँडच्या जुन्या वादकांनी 'कास्ट ऑफ किंक्स' या खट्याळ नावाने तिथे वाजवलं, आणि रे स्वतःही मध्येच येऊन गायला आहे. फोर्टिस ग्रीनमधल्या भावांच्या घरासमोरच्या पबमध्ये त्यांच्या आठवणींची खोली झाली. २०१२च्या ऑलिम्पिकच्या समारोपात तो गायला, २०१७ला सर झाला. आणि ती आपटलेली रेकॉर्ड? ब्रिटनमध्ये लाख प्रतींचं गोल्ड तिला २०१८ साली मिळालं, बरोबर पन्नास वर्षांनी. ते श्रेय कुठल्या कंपनीचं नाही, घरोघरी दुसऱ्याला ऐकवत बसणाऱ्यांचं आहे.

नव्याने ऐकणाऱ्याने मात्र तिच्यापासून सुरुवात करू नये. आधी १९६७ची 'समथिंग एल्स' लावावी, शेवटच्या गाण्यापर्यंत. तिथे 'वॉटर्लू सनसेट' आहे. ते भावलं तरच १९६८कडे वळावं. नाही भावलं तर बीटल्स आहेतच.